जाळीचं कॅबिनेट

प्रोसेसर मी कितीदा बदलला ते देवाला ठाऊक, आणि तोवर एकही विकत घेतलेला नव्हता. सकाळी आमच्या पाळी गावच्या स्टॉपवर डिचोलीची बस पकडताना तो लाल कंपनीचा असायचा, संध्याकाळी उतरताना निळ्या कंपनीचा झालेला असायचा. मधला सगळा दिवस मी औषधांच्या कारखान्यात, पॅकिंग हॉलमध्ये, गोळ्यांच्या पट्ट्या तपासत उभी. डोक्यावर टोपी, तोंडावर मास्क, हातात मोजे, आणि टोपीच्या आत एकच चक्र चालू: सहा कोअरवर भागेल का, की आठ घ्यावेत, की थांबावं, पुढे भाव उतरतील? एकदा सुपरवायझर मागून येऊन म्हणाली, "अगो, चांगल्या पट्ट्याय भायर काढतंस मगो!" बघते तर खरंच काढत होते. ती हसली, मी हसले नाही. मला त्या पट्ट्यांचाच राग आला होता.

मला गेम खेळायचे होते. इथे सरळ लिहिते, कारण तेव्हा विचारणाऱ्याला मी 'ऑनलाइन कोर्स करायचाय', 'फॉर्म भरायला बरा पडतो' असलं काहीबाही सांगायची. पस्तिशी उलटलेल्या बाईला खेळायला कॉम्प्युटर हवा म्हटलं की लोक आधी हसतात आणि मग तिच्या सासूची कीव करतात. माझं माहेर पार्शाचं. कॉलेजात होते तेव्हा पेडण्याच्या बाजारात एक सायबर कॅफे होता. काजूच्या दिवसांत घरचे सगळे डोंगरावर बोंडं वेचायला जायचे, आणि मी पोटात दुखतं म्हणून मागे राहायची आणि थोड्या वेळाने बाजारात पोचायची. गाड्यांच्या शर्यतीत त्या कॅफेतली पोरं माझ्यापुढे टिकत नसत. लग्न होऊन पाळीत आले आणि ते सगळं सुटलं. नंतर फोनवर खेळून बघितलं, तर फोन इस्त्रीसारखा तापायचा आणि ऐन वेळी थिजायचा. मग दुसरे लोक खेळतात त्याचे व्हिडिओ बघायला लागले. ते म्हणजे दुसऱ्याच्या पानातली नेवरी बघत बसण्यातला प्रकार.

त्या वर्षी चवथीचा, म्हणजे गणपतीचा, बोनस बरा मिळाला. सासू म्हणाली, बांगड्या कर. मी म्हटलं, कॉम्प्युटर घेतेय, सुटे भाग आणून जोडणार आहे.

"सुटे कित्याक? आख्खो गावना नाय?" सासूने विचारलं.

"आख्खो म्हाग पडता, आणि जाय तसो गावना नाय."

"आणि जोडतलो कोण?"

"मी."

सासूने माझ्या नवऱ्याकडे बघितलं. तो पोयी चहात बुडवून खात होता. "घेवंदे तिका," म्हणाला. "तिचे कष्टाचे आसत." आणि उरलेली पोयी तोंडात टाकून मागे निघून गेला.

मागे म्हणजे गाडीकडे. आमच्या पट्ट्यात नुसतं गाडी म्हटलं की ट्रक, आणि ट्रक म्हणजे खाणीवरून खनिज भरून नदीवरच्या धक्क्यापर्यंत नेणारा. माझे सासरे सावंतवाडीकडून इथे दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून आले आणि राहिले. त्यांच्या मुलाने स्वतःची गाडी केली. पाळीत आमचं नाव झालं ते त्या गाडीमुळे, नाही तर आम्ही कोण कुठले. मग खाणी बंद झाल्या. मध्ये थोडे दिवस चालल्या, पुन्हा बंद. आता डिचोलीकडे कुठे कुठे काही सुरू झालंय म्हणतात, पण आमच्या रस्त्यावर काही ती वर्दळ परत आली नाही. नवरा एका शाळेची बस चालवायला लागला. गाडी घराच्या मागे पत्र्याखाली उभी राहिली.

दर रविवारी तो ती सुरू करायचा. बॅटरी उतरू नये म्हणून, म्हणायचा. इंजिन चांगलं तापेपर्यंत घरातली भांडी थरथरायची. मग तो ती थोडी पुढे घ्यायचा, थोडी मागे, टायर एकाच बाजूला बसू नयेत म्हणून, आणि उतरून बराच वेळ तिच्याभोवती फिरायचा. आजूबाजूच्या बऱ्याच जणांनी आपल्या गाड्या काढून टाकल्या होत्या. आम्ही काढावी की नाही, हे आमच्या घरात कोणी कधी बोललं नाही. मीही नाही. माझी जीभ सगळीकडे चालते, सासूपुढेही चालते, पण तिथे चालली नाही. गाडी गेली तर माझ्या नवऱ्याकडे बसचं स्टिअरिंग तेवढं उरेल, तेही दुसऱ्याचं, हे मला कळत होतं. आणि ठेवली तर ती पत्र्याखाली कुजेल आणि तिच्याबरोबर तोही, हेही दिसत होतं. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी गत.

तर अशा घरात मी भाग निवडायला बसले.

जोवर हे करून बघितलं नाही तोवर मला वाटायचं, पैसे कमी असले की निवडणं सोपं. उलट आहे. पैसे भरपूर असले की चांगलं ते उचलायचं आणि मोकळं व्हायचं. कमी असले की प्रत्येक वस्तू दुसरीच्या तोंडचा घास काढते. प्रोसेसर जरा बरा घेतला की ग्राफिक कार्डाला उरत नाही. कार्ड दांडगं घेतलं तर नाकापेक्षा मोती जड, प्रोसेसर त्याच्या मागे धावू शकत नाही. रॅमची एक पट्टी घ्यावी आणि दुसरी पुढच्या चवथीला, तर सगळे व्हिडिओवाले ओरडतात की दोन पट्ट्या बसवा, एक बसवू नका. वीज पुरवणारा डबा, ज्याला एसएमपीएस म्हणतात, त्यात कंजुषी केली तर एक दिवस तो स्वतः जातो आणि सोबत सगळ्यांना नेतो. पाळीत विजेचा दाब कसा नाचतो ते माहीत असल्यामुळे त्या डब्यासाठी मी डिचोलीत एक आणि साखळीत एक अशी दोन दुकानं पालथी घातली, आणि तरी ठरेना.

जेवताना उठून फोन बघायची. भात निवायचा. बसमध्ये शेजारची बाई काही विचारायची आणि मी भलतंच उत्तर द्यायची. फोनवरच्या दुकानात एक वस्तू घ्यायच्या टोपलीत टाकायची, दुसरी काढायची, पहिली परत टाकायची. लहानपणी तळ्यात-मळ्यात खेळायचो, तसं. भाव दोन दिवस खाली आला की वाटायचं अजून येईल, आणि वर गेला की जीव खालीवर. कुणाशी बोलावं तर कुणाला त्यातलं कळत नव्हतं, म्हणून मी नवऱ्याशीच बोलायची. तो हूं हूं करायचा. पण ऐकत असायचा, कारण एके दिवशी मी एक व्हिडिओ लावून कांदा चिरत होते, त्यातला मुलगा म्हणाला की सेकंडहँड ग्राफिक कार्ड घ्या पण मायनिंगमध्ये वापरलेलं असेल तर हात लावू नका, तशी नवरा खाटेवरून उठूनच बसला.

"मायनिंगात वापरलेलां म्हणजे वायट? कोण तो? खंयचो?"

मी त्याला समजावलं की हे मायनिंग वेगळं, इंटरनेटवरचे कसले तरी पैसे काढायला लोक रात्रंदिवस कार्डं तापवत ठेवतात, त्यांची ती कार्डं थकलेली असतात.

"थकलेली असतली," तो म्हणाला. "पण चलत ठेवलेल्या वस्तूपेक्षा बसवून ठेवलेली वस्तू बेगीन मरता. तेका सांग तां."

असं म्हणून तो मागे गेला. मी कांदा चिरत राहिले. शेवटी मी कार्ड घेतलंच नाही. ज्याच्या पोटातच ग्राफिक आहे असा प्रोसेसर घ्यायचा, छोटे खेळ त्यावर चालवायचे आणि कार्ड पुढे कधीतरी, असं ठरवलं, आणि ठरवल्यावरही निदान आठवडाभर रोज नव्याने ठरवलं.

नवऱ्याचंही काही थाऱ्यावर नव्हतं. त्याच दिवसांत गाडीवाल्यांची देवळात बैठक व्हायची. तिथून तो यायचा तो घरात न बसता अंगणात येरझाऱ्या घालायचा. कधी म्हणायचा, पाऊस सरला की सुरू. कधी म्हणायचा, आधी जुना काढून ठेवलेला माल हलवणार, त्याला गाड्या लागतीलच. सासूने तर देवीकडे प्रसाद लावला होता. पुजाऱ्याने मूर्तीला पाकळ्या लावल्या, आणि उजवी पाकळी पडली. म्हणजे होय. गाड्या सुरू होणार. कधी ते देवीने सांगितलं नाही आणि सासूने विचारलं नाही. एक माणूस अंगणात फिरतंय, एक माणूस आत फोन घेऊन फिरतंय, आणि मधल्या दारात सासू, असं ते घर झालं होतं. "तुमका दोगांकय बसूक काय होता?" असं ती एकदा करवादली. आम्ही दोघेही बसलो, आणि लगेच उठलो.

कॅबिनेटकडे मी अजून वळलेच नव्हते. कॅबिनेट म्हणजे ज्यात हे सगळे भाग बसवायचे ती लोखंडी पेटी. एका शनिवारी अर्धी ड्यूटी करून मी डिचोलीच्या बाजारातल्या एका दुकानात गेले. दुकानदार बोलका होता, इतका की त्याच्या बोलण्यात सापडलं तर बस चुकते. त्याने दोन पेट्या समोर ठेवल्या. एकीचं तोंड काळ्या काचेने बंद, दिसायला झोकदार. दुसरीच्या तोंडाला नुसती जाळी, आणि जाळीच्या मागे पंखे. जाळीतून वारा थेट आत येतो, प्रोसेसर थंड राहतो, आपल्या हवेत हेच बरं, असं त्याने सांगितलं. मग विचारलं, "घर खंय?"

"पाळी."

"पाळी!" तो हसला. "पूर्वी पाळी नायतर सुर्ला म्हटलां की मी जाळीची पेटी दाखवीतच नसायचो. तिकडची मशिनां यायची तां उघडल्यावर आत तांबडी माती. पावसात तर चिखल. पंखे फिरायचे नाय. आमी भायर न्हेवन वारो मारायचो, तर कामगाराचे केस तांबडे. मगे मी सांगूकच लागलंय, खाणीच्या वाटेर घर असला तर बंद तोंडाची न्हे आणि वर चादर घाल." त्याने जाळीवर हात फिरवला. "आता काय, गाडयो बंद. खंयचीय न्हे. पण परत सुरू होतले म्हणतत मगो. मगे काय करतलंस?"

"होतले तेवा बघूया," मी म्हटलं आणि जाळीच्या पेटीवर बोट ठेवलं. "ही द्या."

बस मिळाली. पेटीचा खोका मांडीवर घेऊन मी पाळीपर्यंत आले, आणि कितीतरी दिवसांत पहिल्यांदा वाटलं की काहीतरी हातात आलं.

घरी खोका फोडला तेव्हा सासू म्हणाली, "चाळण हाडलंस?" नवरा शाळेची बस लावून नुकताच आला होता. त्याने पेटी उचलून जनेलाकडे नेली, खिडकीच्या उजेडात धरली. जाळीतून पलीकडचं दिसत होतं. त्याने तळवा तिच्यावर ठेवला आणि हळूच फिरवला.

"ह्यां मुद्दाम असां?"

"होय. वारो जावक."

"हं," तो म्हणाला आणि ती परत खाली ठेवली. मला वाटलं त्याला आवडली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. भांडी थरथरली नाहीत. मी आधी लक्षच दिलं नाही, कारण एसएमपीएस त्याच दिवशी मागवायचा म्हणजे मागवायचाच असं ठरवून मी बसले होते. जेवताना कळलं की काहीतरी राहून गेलंय. "गाडी सुरू करूक नाय आज?" मी विचारलं. "करतलंय," तो म्हणाला. केली नाही. पुढच्या रविवारीही नाही. सासू दोनदा मागे जाऊन बघून आली. मला बरं वाटत नव्हतं, पण मी नेमकं काय विचारायचं ते मला कळेना, आणि भाग एकेक करून यायला लागले होते. प्रोसेसर आला, लाल कंपनीचा. मदरबोर्ड आला. रॅमच्या दोन्ही पट्ट्या आल्या. मी प्रत्येक खोका उघडून बघायची, परत बंद करायची, आणि पुन्हा उघडायची.

सगळं जमल्यावर शनिवारी दुपारी मी जमिनीवर चादर पसरून जोडायला बसले. आधी प्रोसेसर. तो जरा वाकडा दाबला गेला की संपलं, असं इतक्या व्हिडिओंत ऐकलं होतं की श्वास रोखूनच त्याला धरून ठेवणारी दांडी खाली पाडली. बसला. मी मोठ्याने "बसलो!" म्हणाले. कुणी ओ दिली नाही. नवरा अंगणात फोनवर बोलत होता.

"फाल्या येवा," तो म्हणत होता. "बघून घेवा. होय, चालू आसा. कागद सगळे आसत."

तो पायरीवर येऊन बसला तेव्हा मी हातात स्क्रूड्रायव्हर तसाच धरून दारात गेले.

"कोणाक येवक सांगलात?"

"गाडी बघूक येतलो एक जण. दोडामार्गाकडचो. चिऱ्यांचो धंदो आसा तेचो."

"भाड्याक व्हयी तेका?"

"विकत."

इतकी वर्षं जो शब्द या घरात कुणी उच्चारला नव्हता, तो त्याने भाजी काय करूया विचारावं तसा उच्चारला. मला वाटलं होतं, हा शब्द कधी आला तर भांडण होईल, सासू रडेल, निदान मी तरी ओरडेन. तो शांत बसला होता, आणि त्या शांत बसण्याचाच मला राग आला.

"असां एकदम कित्याक? कोण काय बोललां?"

"कोणय नाय."

"मगे?"

त्याने माझ्याकडे बघितलं, मग आत चादरीवर पसरलेल्या सामानाकडे. "रागव नको," म्हणाला. "प्रोसेसराक तू म्हयनोभर घरादाराच्या डोक्याक ताप दिलंस. ह्यो बरो काय तो बरो. पट्टी एक काय दोन. त्या विजेच्या डब्याक तर दोन गावां फिरलंस. आणि ही पेटी? गेलंस, बघलंस, हाडलंस. एका दिसात."

"तेचां काय?"

"ह्या घरात धुळ तुझ्याइतकी कोणाक खुपता काय? गाडयो चलत होत्यो तेवा तू अंगणातल्या तुळशीचां पान पान पुसायचंस. कपडे घरात सुकवायचंस. आणि पेटी हाडताना, सगळ्यात म्हागाचा सामान जेच्यात रवतलां ती पेटी, तू जाळीची हाडलंस. तुका धुळीचो इचारच येवक नाय." त्याने आतल्या पेटीकडे बोट केलं. "तुझ्या मनात तां सगळां कवाच संपलां. माका कोणी सांगूक नाय, म्हणान मी बसलंय वाट बघत."

"मी तसां कधी म्हणूक नाय."

"म्हणूक नाय, तांच तर सांगतंय."

दुकानदाराने विचारलं होतं, मगे काय करतलंस, आणि मी विचारही न करता, त्याच्या तोंडावर, होतले तेवा बघूया म्हटलं होतं. घरी नवऱ्याने इतक्या वर्षांत कधी हेच विचारलं असतं तर मी काय म्हटलं असतं? त्याच्यासमोर मी हे वाक्य कधीच काढलं नसतं. दुकानात ते सहज निघालं. माझा माझ्यावर संताप झाला, दुकानदारावर झाला, आणि नवऱ्यावरही झाला, की इतकं सगळं बघणारा माणूस इतके दिवस हूं हूं करत होता. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तो बरोबर होता. मला खरंच धूळ आठवली नव्हती. मी सून म्हणून या घरात आले तेव्हा जी धूळ माझ्या जिवाला लागली होती, दातांखाली यायची, माहेरी गेले तरी केसांतून निघायची, ती मला तिथे दुकानात आठवलीच नाही. गाड्या सुरू होतील ही आशा सोडाच, तशी शंकासुद्धा माझ्या मनात उरली नव्हती, आणि हे मला नवऱ्याकडून कळत होतं.

"फाल्या परत देतंय ही," मी म्हटलं. "तो दुकानवालो घेयत. बंद तोंडाची हाडतंय. तुमी त्या माणसाक सांगा, येव नको."

"नको."

"मी सांगतंय मगो—"

"आता बदललंस तर ती माझी समजूत घालूक. तसली पेटी रोज मेजार बघून माका काय वाटतलां?" तो उठला. "जोड ती. अर्धी टाकून उठू नको."

मी जोडली. सगळे स्क्रू नीट बसवले, वायरी जागच्या जागी लावल्या, आणि मधूनच डोळ्यांतलं पाणी मदरबोर्डवर पडू नये म्हणून मान मागे घेत राहिले. पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा पंखे फिरायला लागले आणि जाळीतून वारा आला. एरवी मी नाचले असते. सासूने विचारलं, "चलता?" मी म्हटलं, "चलता," आणि बंद केलं.

रविवारी तो माणूस आला, सोबत एक मेकॅनिक घेऊन. नवऱ्याने पत्र्याखाली जाऊन चावी फिरवली. दोन रविवार हात लावला नव्हता तरी गाडी लगेच सुरू झाली. भांडी थरथरली. सासू स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही, पण तिच्या पळीचा आवाज थांबला. मेकॅनिकने खाली वाकून बघितलं, टायर दाबून बघितले, मागचा हौदा वर उचलून दाखवायला सांगितला. हौदा न कुरकुरता वर गेला.

"बरी ठेवल्यात गाडी," तो माणूस म्हणाला. "खाणीची गाडी अशी बघूक मेळना नाय."

नवरा हसला. मग तो त्याला सगळं दाखवायला लागला: ऑइल कधी बदललं, ब्रेकचं काय केलं, चढावर कुठला गिअर टाकला की ती खूश असते. मुलगी बघायला आलेल्यांना घरातली माणसं तिचे गुण सांगतात, तसा तो बोलत होता आणि अधूनमधून हसत होता. ते हसणं मला बघवेना. तरी मी दारातून हलले नाही. आत जाणं म्हणजे त्याला एकट्याला टाकून जाणं झालं असतं.

सगळं ठरत आलं, आणि त्या माणसाला एकदम शंका आली. चांगली गाडी माणूस उगाच विकत नाही.

"काय रे," तो म्हणाला, "परत सुरू होतले म्हणतत तुमच्या खाणी. तेवा आता आणि कित्याक विकतास? काय बिघाड आसा तर आताच सांग."

नवऱ्याने फडक्याला हात पुसले. तो माझ्याकडे बघत नव्हता, टायरकडे बघत होता.

"बिघाड नाय," म्हणाला. "बायलेक इचारलंय. ती म्हणता, आता सुरू होवचे नाय."

तो माणूस माझ्याकडे वळला, थोडा हसत, थोडा खात्री करून घेत. स्वयंपाकघरात पळी अजून थांबलेलीच होती.

"होय काय गो वयनी?"

"होय," मी म्हटलं. "मीच सांगलंय."